कळंगुटचे मेस्त

"पश्चिम कुठली हो?"

कारखान्यात आल्या आल्या पुंडलिक मेस्तांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. फोरमनला वाटलं, सुतार माणूस आहे, उजेडाची सोय बघत असेल. त्याने एका भिंतीकडे बोट केलं. मेस्तांनी हत्यारांची पेटी खाली ठेवली, कामाचं जड बाक एकट्याने ओढत नेऊन त्या भिंतीतल्या खिडकीशी लावलं आणि बाहेर पाहिलं. बाहेर ज्वारी उभी होती. ज्वारीपलीकडे पवनेच्या काठच्या बाभळी आणि त्यांच्यापलीकडे नुसतं आभाळ. "बरें," असं स्वतःशीच म्हणून त्यांनी रंधा बाहेर काढला.

चिंचवडला तेव्हा नुकते कुठे कारखाने येऊ लागले होते. आमची ओतशाळा त्यातलीच एक. पंपांचे, इंजिनांचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, भाग आम्ही ओतायचो. जी वस्तू ओतायची तिची आधी लाकडी प्रतिकृती करतात, तिला पॅटर्न म्हणायचं. तो वाळूत दाबून अलगद काढून घेतला की मागे पोकळी उरते, तिच्यात वितळलेलं बीड सोडायचं. मेस्त पॅटर्न करायचे आणि मी वाळूचे साचे भरायचो. एकाचं चुकलं की दुसऱ्याच्या गळ्यात, असा आमचा संबंध. पाच वर्षं आम्ही रोज एकमेकांसमोर होतो. मी दिघीचा, शेतकऱ्याचा मुलगा, तोवर समुद्र बघितलेला नव्हता. ते गोव्यातल्या कळंगुटचे, अगदी दर्याच्या काठी घर. बापजाद्यांचा धंदा होड्या बांधायचा; तिकडे सुताराला मेस्तच म्हणतात. होड्यांची कामं रोडावली म्हणून मुंबईतल्या एका ओळखीच्या गोवेकराने त्यांना आमच्या कारखान्याचं नाव सुचवलं होतं.

उंच, काटक माणूस. तळपाय रुंद आणि बोटं फाकलेली, त्यामुळे सिमेंटच्या फरशीवरही ते वाळूत चालल्यासारखे गुडघे जरा जास्तच उचलून चालायचे. कानावर पेन्सिल. दहा वाजता आम्ही चहा प्यायचो तेव्हा ते लोटीतून आणलेली पेज प्यायचे. इथलं त्यांना काही वाईट लागायचं नाही, फक्त मासे सोडून. एकदा कुणीतरी पवनेतला मासा प्रेमाने रांधून आणला. त्यांनी मुकाट्याने खाल्ला, हात धुतले आणि मला हळूच म्हणाले, "गोड्या पाण्यातला मासा म्हणजे तोंडदेखलं बोलणं, दत्तोबा. वाईट काही नाही, पण आत काही नाही."

माझ्या साच्यांची काळी वाळू त्यांनी पहिल्याच आठवड्यात मुठीत घेऊन पाहिली होती. बोटांतून ती खाली सोडली आणि म्हणाले, "ही मेलेली आहे."

"वाळू कधी जिवंत असते का मेस्त?"

"तू कळंगुटला ये, मग सांग."

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी पुढे इतक्यांदा ऐकलं, की माझ्या गावच्या ओढ्यापेक्षा मला कळंगुटचा किनारा जास्त ठाऊक झाला. ज्येष्ठात दर्या उठतो, तांबडा होतो, आणि किनाऱ्यावरची वाळू ओढून न्यायला लागतो. आषाढ संपेपर्यंत माडांची मुळं उघडी पडतात, कधी नव्हे ते काळे दगड वर येतात. नवखा माणूस म्हणेल, संपला किनारा. नारळी पौर्णिमेला नारळ द्यायचा आणि गप्प बसायचं. अश्विनात पाणी निवळायला लागतं, आणि दर्या नेलेली वाळू एकेक लाट करून परत आणून टाकतो. दिवाळीला बघावं तर किनारा पुन्हा भरलेला, चाळून टाकल्यासारखा, त्यावर एक पाऊल नाही. "दर वर्षी नवा किनारा," मेस्त म्हणायचे. "जुन्याच वाळूचा, पण नवा."

पौष-माघात सकाळी उगवतीकडून वारा येतो तेव्हा समुद्र तेलासारखा निवांत असतो. चैत्रात दुपारी वारा फिरतो, लाटांना पांढरे तुरे येतात. आणि वैशाखात माणसं येतात. पणजी, म्हापसा, मडगावकडची बडी घरं, भाटकार म्हणजे जमीनदार, डॉक्टर, वकील, बायकापोरं, स्वयंपाकी, कुत्री, सगळं घेऊन महिनाभर हवापालटाला. त्यांच्यासाठी किनाऱ्यावर माडाच्या झावळ्यांच्या खोपी उभ्या करायचं काम मेस्तांचं. त्यांची बायको चंद्रावती त्या बायकांना समुद्रात न्हायला घेऊन जायची. शहरातल्या बायका लाटेला भिऊन किंचाळायच्या, ती दोघींना दोन हातांना धरून उभी राहायची.

हे सगळं सांगताना ते रंधा थांबवायचे नाहीत. पण रोज दुपारच्या सुट्टीत मात्र खिडकीशी उभे राहायचे, वारा बघायचे आणि जाहीर करायचे, "आयज दर्यो शांत आसतलो." आज समुद्र शांत असणार. किंवा, "आज पोहायला जाऊ नये." आम्ही हसायचो. दीडशे कोसांवरच्या पाण्यात पोहायला जाऊ नका म्हणून आम्हांला बजावणारा माणूस! मग एकदा कार्तिकात, आभाळ चक्क निरभ्र असताना, त्यांनी दोन दिवस पेज प्यायली नाही. "मोठी गडबड आहे तिकडे," एवढंच म्हणाले. तिसऱ्या दिवशी कोकणपट्टीला वादळाचा तडाखा बसल्याची बातमी वर्तमानपत्रात आली. त्या दिवसापासून हसणं बंद झालं. उलट फोरमनच मान खाली घालून विचारायला आला, की मंडळींचे सांधे धरलेत, तर समुद्रस्नानाला कधी न्यावं?

"मे महिन्यात. अकरा न्हाणी करायची."

"बारा केली तर?"

"मग तेरा करावी लागतील. सम आकडा चालत नाही."

फोरमनने ते कागदावर लिहून घेतलं.

सगळ्या खात्याला त्यांनी कळंगुटचं आमंत्रण दिलेलं होतं. कुणाला कुठल्या महिन्यात आणायचं हेही ठरलेलं. माझ्या आईला माघात. एका एकादशीला ती आळंदीहून परतताना वाट वाकडी करून कारखान्यावर आली तेव्हा दोघांची ओळख झाली. मेस्तांनी तिलाही समुद्र सांगायला घेतला.

आई बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्येस्तर, एवढं पानी म्हंता, मंग त्ये सांडत कसं न्हाई?"

"सांडतं की मावशी. दिवसातून दोनदा सांडतं, दोनदा परत जातं."

"परत जा म्हून त्येला कोन सांगतं?"

"चंद्र."

"आगं बया!" आई म्हणाली. मग जरा विचार करून, "आन त्यो ऐकतो?"

मेस्त इतके हसले की त्यांना रंधा खाली ठेवावा लागला. तसे हसताना मी त्यांना नंतर फारदा पाहिलं नाही.

ते इथे आले तेव्हा चंद्रावती पोटुशी होती. मे महिन्यात खोपी बांधायला परत जाईन, तोवर मूल झालेलं असेल, असा त्यांचा हिशोब. चैत्रात पत्र आलं की मुलगी झाली. चंद्रावतीला लिहिता येत नव्हतं, म्हणून तिची पत्रं तिचा भाऊ रघुनाथ लिहायचा. मुलीचं नाव शेवंती ठेवलं होतं. मेस्तांनी खात्यात गूळ वाटला. पण त्या वर्षी कामाची घाई होती, मे महिन्यात रजा मिळाली नाही. गणपतीला जाईन, ते म्हणाले. आणि त्याच पावसाळ्यात गोव्याची हद्द बंद झाली.

तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता. सत्याग्रह झाले, गोळ्या चालल्या, आगगाड्या थांबल्या. आमच्याकडेही स्टेशनपर्यंत मिरवणूक निघाली. आमच्यातला खरा गोवेकर म्हणून लोकांनी मेस्तांना पुढे केलं आणि गळ्यात हार घातला. ते हार घालून सबंध रस्ता चालले. घोषणाही दिल्या. परत आल्यावर हार काढून खिडकीच्या खिळ्याला अडकवला आणि मला म्हणाले, "गोवा मोकळा व्हायलाच हवा, दत्तोबा. मी नाही म्हणत नाही. पण तोवर पोरीला दात येतील."

दात आले. पत्रातूनच कळलं. पत्रं कुठून कुठून फिरून यायची, दोन-दोन महिने लागायचे. ती पाय टाकायला लागल्याचं पत्र आलं तेव्हा ती धावत असणार, हे त्यांना कळायचं. "माझी पोर मला नेहमी दोन महिन्यांनी लहान भेटते," ते म्हणायचे.

असंच आणखी वर्ष गेलं. मग त्यांच्याच डोक्यातून ती कल्पना निघाली. सावंतवाडीच्या खाली आरोंदा म्हणून गाव आहे. तिथे एक नदी समुद्राला मिळते. अलीकडचा काठ आपला, पलीकडचा गोव्याचा. ओलांडता येत नाही, पण बघायला कोण अडवणार? त्यांनी रघुनाथला लिहिलं, की पौषातल्या अमुक दिवशी दुपारी चंद्रावतीला आणि मुलीला घेऊन पलीकडच्या काठावर या. दिवस त्यांनी अष्टमीचा निवडला, कारण अष्टमीला ओहोटी भर दुपारी लागते. पाणी मागे हटेल, दोन्ही काठ जरा जवळ येतील, आणि लख्ख उन्हात तोंड दिसेल. उत्तर यायला दोन महिने लागले. येतो, असं उत्तर आलं.

"तू माझ्याबरोबर चल," मेस्त मला म्हणाले.

"मी कशाला? घरच्या माणसांत?"

"मी एकटा गेलो तर पोहत जाईन. मग पलीकडचे शिपाई गोळी घालतील. तू मला धर."

मी गेलो. कोल्हापूर, आंबोली, सावंतवाडी, दोन दिवस एसटीचा प्रवास. वाटेत त्यांनी नवा सदरा काढला, पुन्हा घडी करून ठेवला, पुन्हा काढला. आरोंद्याला पोचलो तेव्हा त्यांनी नाकाने वारा ओढून घेतला आणि डोळे मिटले. मला फक्त चिखलाचा आणि खारट असा काहीतरी वास आला. समुद्र म्हणजे हा, असं मला वाटलं, तर ते म्हणाले, "हा नव्हे. हा त्याचा नुसता श्वास."

दुपारी आम्ही काठावर उभे राहिलो. पाणी खरंच मागे गेलेलं होतं. पलीकडे वाळूची लांब पट्टी, तिच्यामागे माड. तरी मधलं अंतर चांगलंच होतं, माणूस दिसेल पण ओळखू येणार नाही इतकं. आणि मेस्तांची एक चूक झाली होती. त्यांनी चंद्र बघितला, ओहोटी बघितली, पण सूर्य बघितला नव्हता. पौषातला दक्षिणेकडे कललेला सूर्य बरोबर पलीकडच्या काठाच्या माथ्यावर होता. आमच्या डोळ्यांवर ऊन आणि पलीकडची तोंडं काळोखात.

ती आली. माडांतून तिघं बाहेर आली. एक पुरुष, एक लाल लुगड्यातली बाई, आणि तिच्या कडेवर मूल. "ते लुगडं मी घेतलेलं," मेस्त म्हणाले. मग त्यांनी हाक मारली, "चंद्रावतीऽऽ!" वारा समुद्राकडून आडवा वाहत होता, हाक तो घेऊन गेला. त्यांनी हात हलवला. बाईनेही हलवला. मेस्त पाण्यात उतरले. नवा सदरा, धोतर, सगळ्यासकट, गुडघाभर, मग कमरेपर्यंत. मी मागून त्यांचा दंड धरला. आमच्या बाजूचा पोलीस ओरडला, "ओ, मागं फिरा!" मेस्त तिथेच थांबले. पलीकडे बाईने मुलीला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलून धरलं. एवढंसं काळं ठिपक्यासारखं, पाय झाडणारं. ती किती वेळ तशी धरून उभी होती कोण जाणे. मेस्तांनी ओंजळी भरभरून तोंडावर पाणी मारलं. मग पलीकडचा पुरुष वळला, बाई वळली, आणि तिघं माडांत गेली.

"पोर मोठी झाली," काठावर आल्यावर मेस्त म्हणाले. परतीच्या दोन दिवसांत ते जवळजवळ बोललेच नाहीत. मला वाटलं, मन भरून आलंय, बोलू नये.

त्यानंतर त्यांनी समुद्राची हवा सांगणं सोडलं. दुपारी खिडकीशी उभे राहायचे, पण बोलायचे नाहीत. खात्यातली माणसं एकमेकांना खुणावायची. एकाने गमतीने विचारलंही, "काय मेस्त, आज पोहायला जावं का?" "मला ठाऊक नाही," ते म्हणाले, आणि त्याला ते अगदी खरं उत्तर असल्यासारखं वाटलं असावं, कारण पुन्हा कुणी विचारलं नाही. पत्र लिहिणं मात्र चालू होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी, माझ्यासमोर बसून, "सौ. चंद्रावतीस अनेक आशीर्वाद" असं सुरू होणारं. आणि रघुनाथच्या अक्षरात उत्तर यायचं, की चंद्रावती बरी आहे, तुमची आठवण काढते.

एक वर्ष असं गेलं. एके दिवशी फाटकावरच्या शिपायाने पत्र आणून दिलं. नेहमीपेक्षा जाड होतं. मेस्तांच्या हाताला सरस लागला होता. "वाच जरा," ते म्हणाले.

मी उघडलं. मनातल्या मनात चार ओळी वाचल्या आणि थांबलो. रघुनाथने लिहिलं होतं, की तुमच्या पायांवर डोकं ठेवून माफी मागतो. चंद्रावती आपल्यात नाही. नदीवर भेट झाली त्याच्या आधीच्या भाद्रपदात तापाने गेली. तुम्ही इतक्या लांब, यायची वाट नाही, कळवून तुमचं काय होईल या भीतीने कळवलं नाही. नदीवर माझी बायको सुलोचना तिचं लुगडं नेसून उभी राहिली होती.

"वाचू नकोस पुढे," मेस्त म्हणाले. "मला ठाऊक आहे."

मला वाटलं, माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी ताडलं. "काय ठाऊक आहे मेस्त?"

"चंद्रावती गेली ते."

"कधीपासून?"

"नदीवर कळलं." ते हाताचा सरस चिंधीने पुसत होते. "अरे, मी कमरेपर्यंत पाण्यात उतरलो, आणि चंद्रावती काठावर उभी राहील? ती दर्यावरची पोर. ती मुलीला घेऊन गळ्यापर्यंत आली असती. त्या बाईकडे तू नीट बघितलं नाहीस. लाट आली की ती मागे सरत होती. लुगडं भिजू नये म्हणून. सुलोचना म्हापशाची, बाजारपेठेतली. पाण्याला भिते."

मी म्हणालो, "मग वर्षभर पत्रं कुणाला लिहिलीत?"

"तिलाच."

"आणि ते उलट लिहायचे, ती बरी आहे म्हणून..."

"हो. मी लिहीत होतो तोवर ते तसं लिहीत होते." त्यांनी चिंधी बाकावर ठेवली. "वाचायला बरं वाटायचं, दत्तोबा. खोटं होतं, पण बरं वाटायचं. मला कळलंय असं मी लिहिलं असतं, तर ते थांबलं असतं."

पत्राचा उरलेला भाग त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः वाचला. रघुनाथला मूलबाळ नव्हतं. शेवंती सुलोचनाला आई म्हणत होती. आता तिला समज येऊ लागली आहे, तर तिला आमचीच राहू द्यावी, तिला दुसरं काही सांगू नये, अशी विनंती होती. खरं सांगायची वेळ त्यांच्यावर त्यासाठीच आली होती.

त्या महिन्यात मेस्तांनी आयुष्यात पहिल्यांदा पॅटर्न चुकवला. बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा ठेवावा लागतो. त्यांनी तो नेमका मापाचा केला. माझ्या साच्यातून निघालेली पंपाची अंगं सगळी लहान भरली. एवढं सगळं मोडीत गेलं. फोरमन आला, ढिगाकडे पाहिलं, मेस्तांकडे पाहिलं आणि निघून गेला.

माझ्याकडून आईला कळलं, तशी ती दिघीहून चालत आली. मेस्त एका चाळीतल्या खोलीत राहायचे. तिथे उंबऱ्यात बसून तिने भाकरीचं फडकं सोडलं, त्यांना खायला लावलं, आणि म्हणाली, "रडा म्येस्तर. बाप्या मानसानं बी रडावं. कोन बघाया न्हाई हितं."

"रडलो मावशी. नदीतच रडलो. पाण्यात होतो, याला वाटलं मी तोंड धुतोय."

आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी उठून बाहेर गेलो.

रघुनाथच्या पत्राला काय उत्तर द्यायचं, यावर त्यांनी बरेच दिवस घातले. मला वाटत होतं ते चिडतील, पोर माझी आहे म्हणतील. एका दुपारी साच्याशी येऊन बसले. "तिला आई आहे," ते म्हणाले. "एक गेली, ते तिला कळलं नाही. आता मी जाऊन दुसरी कशी काढून घेऊ?"

"मग राहू देणार त्यांच्याकडे?"

"राहू दे. पण मी इथे राहून काय करू? मी तिथे जातो. होड्या दुरुस्त करीन, शेजारी राहीन. मेस्त म्हणून राहीन. गावात सगळेच मला मेस्त म्हणतात, तीही म्हणेल."

परवान्यासाठी पुण्याला खेटे सुरू झाले. परवाना मिळायचा तो एका बाजूचा होता. गेलेल्या माणसाला परत इकडे येता येईल याची खात्री कुणी देत नव्हतं. त्यालाही वर्षाच्या वर काळ लागला. शेवटी एकदाचा कागद हाती आला.

पुढचं आधी सांगून टाकतो. ते सुखरूप पोचले. मुंबईच्या एका खलाशाच्या हातून त्यांचं एकच पत्र मला आलं, चार-पाच ओळींचं. रघुनाथच्या परसात छपरी घालून राहिलो आहे. शेवंती हुशार आहे, माझ्या हातोडीशी खेळते, मला मेस्त म्हणते. सुलोचना चांगली बाई आहे, माझ्यासमोर पोरीला जवळ घ्यायला संकोचते, मी तिला सांगितलं संकोचू नको. मावशींना नमस्कार. बस. मी दोन पत्रं पाठवली, ती पोचली की नाही ठाऊक नाही. त्यांच्या जागी दुसरा पॅटर्न करणारा आला, त्याने बाक उजेडासाठी दुसऱ्या खिडकीशी नेलं.

मला ते आठवतात ते चिंचवड स्टेशनवर. सकाळची वेळ होती, पुण्याच्या गाडीला थोडा अवकाश होता. एका हाताला हत्यारांची पेटी, खांद्याला वळकटी. आई त्यांना निरोप द्यायला आली होती आणि तिच्याबरोबर माझ्या भावाची मुलगी हिरा होती. चार वर्षांची असेल. आजीचा पदर धरून ती मेस्तांकडे टक लावून बघत होती. मेस्तही तिच्याकडेच बघत होते.

"हिचं वय काय मावशी?"

"चवथं सरलं की आता."

त्यांनी पेटी खाली ठेवली. वळकटी ठेवली. "हिला उचलू?"

"उचला की. इचारायचं काय त्यात?"

"नाही, चार वर्षांची पोर किती जड असते ते बघतो."

त्यांनी वाकून हिराला उचललं. पण तान्ह्या मुलाला घेतात तसं, आडवं, एक हात मानेखाली आणि एक गुडघ्यांखाली. तिचे पाय लोंबत राहिले. एवढ्या मोठ्या मुलीला कडेवर कसं घ्यायचं, ते त्यांना ठाऊकच नव्हतं. हिराने अंग ताठ केलं, क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. दोन्ही हात आजीकडे. आई पुढे झाली, पण त्यांनी लगेच दिली नाही. दोन-तीन वेळा जागच्या जागी झुलवून पाहिली. ती जास्तच रडायला लागली, तेव्हा हळूच खाली उभी केली, तिचा झगा सारखा केला.

गाडी आली. मी पेटी वर चढवून दिली. ते दारात उभे राहिले. मी विचारलं, "किती भरली मेस्त?"

"मला वाटलं होतं त्याहून जड," ते म्हणाले, आणि गाडी हलली.